सोळा इंच

५ जानेवारी, रविवार

सरफेस प्लेटवर शावर्मा! आखातातल्या राई भागातल्या या वर्कशॉपमध्ये एकोणीस वर्षं लेथ चालवतोय, पण त्या प्लेटवर मी कधी रुमालसुद्धा ठेवला नाही. प्रत्येक जॉबची सपाटी तिच्यावर ठेवून तपासायची असते. आणि हा झैद, मालकाचा धाकटा मुलगा, तिच्यावरच कागद पसरून जेवतो. लसणाची पांढरी चटणी कडेवरून ओघळली होती. तीनदा स्पिरिटने पुसली तरी वास जाईना.

खाऊन झाल्यावर त्याच तेलकट हातांनी त्याने लांब पिशवी उघडली. आत रायफलचे सुटे भाग. कुठून कुठून जमवलेत ते त्यालाच ठाऊक. दस्ता एकीकडचा, मधला सांगाडा दुसरीकडचा, आणि फडक्यात गुंडाळलेली वीस इंचांची नळी. एकदा भरली की चाप ओढत जायचं, एकामागून एक गोळ्या सुटतात, त्या जातीची.

"उदय, ये नली छोटा करना है. तुम करेगा."

परवाना आहे का, विचारलं. "माफी मुश्किल, सदीक," काही अडचण नाही, मित्रा, म्हणाला आणि हसला. म्हणजे परवाना नाही. असली वस्तू सापडली तर त्याचं काय होईल ते माहीत नाही, माझं काय होईल ते पक्कं माहीत आहे.

शिसारी आली. नळी मात्र हातात घेऊन पाहिली. आतलं काम फार स्वच्छ होतं, एक ओरखडा नाही. कोणी केलंय त्याला दाद द्यायला हवी.

७ जानेवारी, मंगळवार

संध्याकाळी झैदचे तीन दोस्त आले. एवढा अत्तराचा भपका की मशीन गार ठेवणाऱ्या माझ्या कूलंटचा वास बरा वाटला. नळी किती इंच ठेवायची यावर तासभर खल. चौदा इंच बरी दिसते म्हणे. दुसरा म्हणे वीस इंची म्हाताऱ्यांची. तिसरा मोबाईलवर कुणा गोऱ्याचा व्हिडिओ दाखवत होता. लग्नाला कुठला फेटा शोभेल अशी चर्चा. ही वस्तू कशासाठी हवी, हे एकानेही विचारलं नाही.

मग शिकारीचे फोटो निघाले. गालिच्यावर ओळीने मांडलेले मेलेले पक्षी, पन्नास तरी असतील, आणि मध्ये बूट घातलेले यांचे पाय. खातही नाहीत म्हणे, तिथेच टाकून येतात. मी नजर फिरवली.

"तुम बोलो, उस्ताद," झैद म्हणाला. उस्ताद! एरवी 'ए हिंदी' म्हणतो.

बोलायला नको होतं, पण बोललो. म्हटलं, कापूच नका. उघड्या वाळवंटात लांबचं मारायचं तर वीस इंचच योग्य. आखूड केली की आवाज आणि भडका वाढतो, गोळीचा वेग घटतो. आणि बारा-चौदाचा विचार डोक्यातून काढा. नळीच्या मागच्या टोकापासून छत्तीस सेंटिमीटरवर एक बारीक भोक आहे. मागचा वायू त्यातून परत येतो, म्हणून पुढची गोळी आपोआप भरली जाते. भोक गेलं की नळी भंगारात. चौघे कान देऊन ऐकत होते.

आमच्या घरी ठासणीची बंदूक होती. देवगडात डुकरं भातात शिरतात, म्हणून बाबांना शेतीसाठीचा परवाना होता. निवडणूक लागली की बंदूक खांद्यावर टाकून चालत पोलीस ठाण्यात जमा करायला जायचे आणि निकालानंतर पावती दाखवून परत आणायचे. उभी ठेवली की तिची नळी तेव्हा माझ्या खांद्याला लागायची. बंदुकीतलं काही कळतं ते तेवढंच, बाकी सगळं लोखंडातलं. या पोरांना दोन्हीतलं काही कळत नाही.

९ जानेवारी, गुरुवार

काचेच्या केबिनमध्ये दोघा भावांचं जोरात वाजलं. थोरला यूसुफ. बापाला, म्हणजे अबू यूसुफना, झटका आल्यापासून ते अंथरुणावर आहेत आणि मुखत्यारपत्र यूसुफच्या नावावर आहे. वर्कशॉप विकायचं असं त्याने ठरवलंय. झैदला ते मान्य नाही. अरबीतलं सगळं कळत नाही, पण झैदचं "तू मला नोकर केलंस" एवढं कळलं. मग खुर्ची पडली.

यूसुफ बाहेर आला आणि जणू काही झालंच नाही असा माझ्या मशीनपाशी उभा राहून हातपुसणीच्या चिंध्या मोजू लागला. हा माणूसही मला कधी आवडला नाही. कोरडा, हिशेबी. चिंध्या मोजतो, भंगारातले तुकडे उचलून वजन करतो, "हा कुणाच्या हातून वाया गेला?" विचारतो. एकोणीस वर्षांत माझं नाव एकदाही आलेलं नाही, हेही त्याच्याच वहीत आहे.

भावाभावांचं काय ते त्यांनी बघावं. मला त्यात पडायचं नाही.

१० जानेवारी, शुक्रवार

सुट्टी. सुलैबिया वस्तीतल्या आमच्या खोलीत मुकेशने बेसिनमध्ये बांगडे साफ केले आणि खवले तसेच ठेवले. हा कुडाळचा, आमच्याच वर्कशॉपात वेल्डर. माणूस चांगला, पण घाणेरडा. खवले काढता काढता त्याला नळीचं सांगितलं.

"कापून दी नि मोकळो हो," तो म्हणाला. "तुझो अकामो कोणाच्या हातात आसा?"

"झैदच्या." अकामा म्हणजे इथे राहायचा परवाना, त्याच्या नूतनीकरणाच्या सह्या यूसुफने झैदकडे दिल्यात.

"मगे? एकतीस तारखेक संपता ना? तो सही करूचो नाय आणि तू खय जातलस?"

"बेकायदेशीर आसा ता."

"तुका कोण इचारता? तू कामगार. कापूक सांगल्यानी, कापलंय. तेचा तेका म्हायत."

खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं. त्याच्या तोंडून ऐकलं तेव्हा किळस आली.

रात्री माझ्या मुलीचा, जुईलीचा फोन. तिकीट आलं, सव्वीसला उतरतेय. इथल्या एका दवाखान्यात लॅब टेक्निशियनची नोकरी लागलीय. मी आलो तेव्हा ती चार वर्षांची होती. नंतर दर दोन वर्षांनी महिनाभर भेट, तीही पाहुण्यासारखी. आता एकाच शहरात राहू, शुक्रवारी ती माझ्याकडे जेवायला येईल. मग बायकोने, शैलाने फोन घेतला, म्हणाली, "आता तरी तिका बापूस कसो आसता ता कळांदे." त्यासाठी अकामा हवा. बाकी मला काहीच नको.

१२ जानेवारी, रविवार

झैद मला गाडीत घालून घरी घेऊन गेला. दिवानियातलं, म्हणजे पुरुषांच्या बैठकीच्या खोलीतलं काम होतं. भिंतीकडेने लांब बाकं आहेत, त्यांच्या पोटात पेट्या. दाराजवळच्या पेटीचं झाकण बसत नव्हतं. ते काढलं, आतून मापलं. लांबी एकोणनव्वद सेंटिमीटर.

"वो अंदर जाएगा?" त्याने विचारलं.

वीस इंची नळी लावली तर रायफल सत्त्याण्णव. नाही जाणार. दहा सेंटिमीटर कापले तर सत्त्याऐंशी. जाईल, दोन्ही बाजूंना बोट-बोट जागा राहील. म्हणजे नळी एकेचाळीस, इंचांत सोळा. भोकही सलामत राहतं. मी तिथेच गुडघ्यावर बसून त्याला हिशेब करून दाखवला. "सोळा ठेवा," म्हटलं. त्याने माझ्या पाठीवर थाप मारली.

झाकण एका हाताने, आवाज न करता उघडलं पाहिजे असं त्याचं म्हणणं. बिजागऱ्या बदलल्या, तेल दिलं. शेजारच्याच खोलीत बाप झोपलेला असतो. त्याची झोप मोडू नये एवढी तरी काळजी आहे म्हणायची. म्हाताऱ्याला बंदुकांचा राग आहे, म्हणून लपवाछपवी.

तेवढ्यात यूसुफ आला. सुईने बापाची साखर तपासली, नखं कापली, तोंड पुसलं. दर गुरुवारी मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजानंतर तो याच दिवानियात एकटा बसून कागदपत्रं बघतो, लोक आठनंतर येतात, हे मला झैदनेच सांगितलं. का सांगितलं कोण जाणे. फार बडबड्या आहे.

१३ जानेवारी, सोमवार

काल सोळा म्हणालो त्याचं समाधान वाटतंय. चौदाही नाही, वीसही नाही. जागा, भोक, वजन, सगळं जुळतं. त्या तीन अत्तरवाल्यांना हे शंभर व्हिडिओ बघून जमलं नसतं.

झैद म्हणाला, "पुढच्या सोमवारी नळी दे, मंगळवारी तुझा अकामा." एकवीसला होऊन जाईल म्हणजे. जुईली यायच्या आत.

१६ जानेवारी, गुरुवार

पाणी प्यायला बसलो होतो. झैद जवळ येऊन विचारतो, बंद खोलीत रायफलचा आवाज शेजारच्या घरापर्यंत जाईल का? मी म्हटलं, बंद खोलीत कशाला उडवायची? म्हणाला, "ऐसे ही." मी म्हटलं, गल्लीच्या टोकापर्यंत जाईल. त्यावर तो विचारात पडला.

असले प्रश्न! घरात बसून निशाणेबाजी करणार असेल, कुत्र्यामांजरांवर. या माणसाबद्दल काहीही खरं वाटतं.

१९ जानेवारी, रविवार

झोप नीट लागत नाही. डाव्या डोळ्यात खुपतंय. यूसुफ आज मशीनपाशी आला, माझ्याकडे बघून म्हणाला, डोळा लाल आहे, आणि खिशातून थेंबांची बाटली काढून दिली. बापासाठी घेतली होती म्हणे, दुसरी घेईन. बाटली घेतली. आभार मानायचे राहून गेले.

२० जानेवारी, सोमवार

लिहायला हात उचलत नाही, पण लिहितो.

जॉब वाया घालवला. मी, उदय, तीस वर्षं टर्नरचं काम केलेला. दहाची चूक केली.

नवख्यांना मी पहिल्या दिवशी सांगतो. टेपचं टोक वापरून वाकतं, त्यावर भरवसा ठेवायचा नाही. दहाच्या आकड्यापासून मापायला सुरुवात करायची आणि शेवटी दहा मिळवून खूण करायची. म्हणजे एकेचाळीस हवेत तर खूण एक्कावन्नवर. नवखे दहा मिळवायला विसरतात आणि तुकडा दहा सेंटिमीटर आखूड पडतो. अशा कित्येकांच्या मी आईबापांचा उद्धार केलाय. मुकेशला तर एकदा त्याच पाइपने मारायला धावलो होतो.

आज टेप दहावर धरली आणि खूण एकेचाळीसवर केली. करवतीवर चढवली. कापून पडलेला तुकडा चार बोटांचा असायला हवा होता, तो चांगला वीतभर होता. खाली पडल्याचा आवाज ऐकून वळून पाहिलं, तर भोक त्या तुकड्यातच होतं. म्हणजे उरली एकतीसची नळी, कसल्याच कामाची नाही.

आश्चर्य याचं की कापण्याआधी मी टेप दोनदा पाहिली होती. दोन्ही वेळा एकेचाळीसच वाचलं. डोळ्याचाच दोष असणार.

एवढी लाज कधी वाटली नव्हती. दोन्ही तुकडे पुसून फडक्यात बांधले, जसे आले तसे.

२१ जानेवारी, मंगळवार

झैदने फडकं सोडलं आणि दोन्ही तुकडे शेजारी शेजारी लावून पाहिले. मग तो वीतभर तुकडा माझ्या छातीवर फेकून मारला. "तू जानके किया!" मी आईची शपथ घेऊन सांगितलं की चूक झाली. तो माझ्या बुटांवर थुंकला. बूट धुतले, पुन्हा धुतले. अजून खोलीबाहेर ठेवलेत.

आज अकामा व्हायचा होता.

मुकेश म्हणतो, "मुद्दाम केलंस, तर निदान माका तरी सांग." त्याच्यावर ओरडलो. तीस वर्षांची अब्रू मी मुद्दाम घालवीन? कुणासाठी?

२३ जानेवारी, गुरुवार

यूसुफने केबिनमध्ये बोलावलं. समोर माझा व्हिसा रद्द करण्याचा कागद. झैदने त्याला सांगितलं होतं की मी गिऱ्हाइकाचा महागडा शाफ्ट कापून वाया घालवला, वर उर्मटपणे बोललो.

"एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तुझं नाव भंगाराच्या वहीत आलं," यूसुफ सावकाश इंग्रजीत म्हणाला. "काही सांगायचंय?"

त्याला तो शाफ्ट कसला होता ते सांगता आलं असतं. पण सांगितलं तर मीही त्यात अडकतो. म्हटलं, "डोळा, सर." त्याने सही केली. एकतीसच्या विमानात बसायचं. वर विचारलं, थेंब संपले का?

या दोघा भावांचा वीट आलाय. त्या नळीचा, या गावाचा, माझ्या स्वतःच्या तोंडाचाही. आरशात बघून दाढी करवली नाही.

२६ जानेवारी, रविवार

जुईली आली. विमानतळावर तिने मला आधी ओळखलं. केस पांढरे झालेत म्हणाली. चार बरण्या आणल्यात, शैलाने दिलेल्या. मी पाच दिवसांत जाणार हे मी दारातच सांगितलं, आत नेऊन सांगण्याएवढा धीर नव्हता. ती हसली, तिला वाटलं चेष्टा. मग ट्रॉली सोडून खाली बसली.

"का पण, बाबा?"

"माप चुकलं."

तिला तेवढ्यावर थांबायचं नव्हतं, पण मी तिची ट्रॉली ढकलायला लागलो.

२८ जानेवारी, मंगळवार

आज तिच्या होस्टेलखालच्या चहाच्या दुकानात सगळं सांगितलं. शावर्मापासून. झाकण, बिजागऱ्या, गुरुवार, बंद खोलीतला आवाज, साखर तपासणारा यूसुफ. सांगताना माझं मलाच ऐकू येत होतं. एका मागोमाग एक सांगितलं तर मूलही ओळखेल. मग मी एवढे दिवस काय करत होतो? कुत्री, मांजरं, म्हाताऱ्याची झोप.

तिने कप खाली ठेवला.

"बाबा, तो दुसरी नळी आणणार नाही का?"

मी चहाचा कप बशीत फिरवत राहिलो.

"तुम्ही एक मोडलीत. बरं झालं. पण यूसुफ परवा पुन्हा त्याच खोलीत बसणार आहे ना?"

परवा गुरुवार. उठून दुकानाबाहेर आलो. मी आठवडाभर चुकीचं दुःख करत बसलो होतो. भंगाराची वही, माझं नाव, माझी दहाची चूक! चूक नव्हती ती. हात जे ठरवून बसला होता ते तोंडाने कबूल करायची माझी छाती नव्हती, म्हणून डोळ्यावर ढकललं. तेही अर्धंच काम केलं.

ती मागोमाग बाहेर आली. म्हणाली, "तुम्ही सांगितलंत तर तुम्हालाही धरतील."

"धरतील."

"मग मी इथे आहे ना. मी येईन भेटायला."

ज्या भेटींसाठी पोरीने इथली नोकरी घेतली, त्या आता अशा.

२९ जानेवारी, बुधवार

सकाळी यूसुफकडे, त्या दिवानियाच्या घरी गेलो. वर्कशॉपमध्ये झैद असतो, म्हणून घरी. जुईली बरोबर होती. त्याने दोघांना आत बसवलं, खजूर पुढे केले. खजुराला हात लावला नाही. उभं राहून सांगितलं. शाफ्ट नव्हता, नळी होती. पेटीचं माप मी घेतलं, बिजागऱ्यांना तेल मी दिलं, किती इंच ठेवायची तो सल्लाही माझा. कापली मी आणि मोडलीही मीच. दुसरी कधीही येईल, गुरुवारी त्या खोलीत बसू नका.

यूसुफ उठून दिवानियात गेला. बिजागऱ्यांचा आवाज आला नाही, पण झाकण मिटल्याचा आला. परत आला तेव्हा त्याच्या हातात एक पुठ्ठ्याचं खोकं होतं. गोळ्यांचं. त्याच पेटीत ठेवलेलं. ते टेबलावर ठेवून तो खाली बसला, आणि त्या हिशेबी माणसाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"लहानपणी तो माझ्याच अंथरुणात झोपायचा," एवढंच म्हणाला.

मग त्याने वकिलाला फोन लावला. वकिलाने मला विचारलं, तुझ्या सांगण्याला आधार काय? तारखा, वार काही लिहिलेलं आहे? मी म्हटलं, आहे, पण मराठीत. तो म्हणाला, उद्या सकाळी वही घेऊन ये, पोलिसांकडे जाण्याआधी मला इंग्रजीत ऐकायचंय, वाचून दाखवणारं कुणी आण. आणि दोन दिवसांचे कपडेही आण.

इंग्रजीत वाचणारं माझं इथे एकच माणूस आहे.

आत्ता ती खोलीत समोर बसलीय. मुकेश बाहेर गेलाय. जायच्या आधी त्याने बेसिन घासून ठेवलं, सांगावं लागलं नाही. जुईलीने पहिल्यापासून वाचायला घेतलंय, अडलेल्या शब्दांवर पेन्सिलने खुणा करतेय. तेरा तारखेच्या पानावर आली तेव्हा थांबली. माझ्याकडे पाहिलं नाही.

"बाबा, यातलं काही गाळू का? वकिलाला काय कळणार आहे."

पान फाडावं असं माझ्याही मनात संध्याकाळपासून तीनदा आलं होतं.

"नको," म्हटलं. "सगळं वाच. समाधान वाटलं होतं, तेही."